शुक्रवारचा उपास, आदल्या शनिवारपासून

मिरजेत सून होऊन आले त्याला चाळीस वर्षं झाली. माहेर साताऱ्याचं. माहेरी लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) म्हणजे वडील चाळीस दिवस मटण आणायचे नाहीत, एवढंच ठाऊक. सासरी मात्र उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, अख्खं घर सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्यावर. नवी सून मागं कशी राहील? "मी पण धरते," म्हणाले. उद्या काही मिळायचं नाही म्हणून गुरुवारी रात्री अंड्याच्या आमटीवर दीडपट जेवले. सकाळी चहा नाही. दहाला डोकं ठणकायला लागलं. दुपारी बारा ते तीनच्या चर्चमधल्या भक्तीत प्रभू येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांवर सात उपदेश होतात. तिसऱ्या वचनालाच माझी मान कलंडली. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा पाचवं चालू होतं, 'मला तहान लागली आहे'. घरी आल्यावर धाकट्या दिरावर उगीच खेकसले. संध्याकाळी पेज वाढताना आत्या (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात) हळूच म्हणाल्या, "उपाशी राहिलीस गं पोरी. उपास पुढच्या वर्षी कर."

राग आला होता. रात्री अंथरुणावर पडून हिशेब केला, तर भक्तीतल्या प्रार्थना सोडल्या तर दिवसभरात माझी स्वतःची प्रार्थना पाच मिनिटंही झालेली नव्हती. डोकेदुखी मात्र आठ तासांची.

पुढं मी पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. ऑपरेशनच्या पेशंटच्या कॉटला 'तोंडातून काही देऊ नये' अशी पाटी लावतात, पण त्या पाटीच्या आधी किती कामं असतात ते आम्हाला विचारा. रक्त तपासायचं, सही घ्यायची, चालू गोळ्या कोणत्या ते लिहून घ्यायचं, नातेवाइकांना समजावायचं. नुसतं उपाशी ठेवून कुणी पेशंट टेबलावर घेत नाही. आमच्या स्त्रियांच्या सभेत दरवर्षी दोघीतिघी नव्या मुली विचारतात, "मावशी, उपास कसा धरायचा?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिलंय. हे एका दिवसाच्या उपासाचं आहे. त्याहून मोठा उपास धरणाऱ्यांनी पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारून धरावा.

आधी कसला उपास ते ठरवा

आपल्याकडं उपास म्हटला की पहिला प्रश्न 'काय चालतं?' शेजारच्या काकूंनी त्या पहिल्या वर्षांपैकीच एका शुक्रवारी मोठ्या प्रेमानं साबुदाण्याची खिचडी आणली होती, "दाण्याचं कूट चालतं ना गं तुम्हाला?" असं विचारत. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांच्या उपासाला पदार्थांची यादी आहे, आपल्याला नाही. साबुदाणा ख्रिस्ती माणसाला वर्ज्यही नाही आणि पवित्रही नाही. खिचडी झाकून ठेवली, शनिवारी सकाळी गरम करून खाल्ली आणि काकूंना तसं सांगितलंही. पण हल्ली आपल्याही काही घरांत उपास म्हणून वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस, बटाट्याच्या चकत्या असा घाट घातलेला बघते. मग एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्यालाही लागू होते.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, उपासाचे प्रकार बरेच आहेत. एस्तेर राणीनं तीन दिवस अन्नपाणी दोन्ही सोडलं. दानीएलानं तीन आठवडे मांस, द्राक्षारस आणि चवीचं अन्न सोडलं, बाकी जेवत होता. लेंटचे चाळीस दिवस प्रभू येशूनं रानात उपाशी काढलेल्या चाळीस दिवसांवरून आलेत. कॅलेंडरवर मोजाल तर राखेच्या बुधवारपासून (लेंटचा पहिला दिवस) ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत सेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी जेवायचं. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आणि उत्तम शुक्रवार २६ मार्चला आहे, म्हणजे आत्तापासून आखता येईल. रोमन कॅथलिक मंडळींत नियम ठरलेले आहेत: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोन दिवशी अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचं, आणि चौदा वर्षांपुढच्यांनी त्या दोन दिवशी आणि लेंटच्या शुक्रवारी मांस खायचं नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम नाही, ज्यानं त्यानं ठरवायचं. म्हणून तर ठरवायला हवं. शुक्रवारी सकाळी उठून 'बघू, जमेल तेवढं' असं म्हणणाऱ्याचा उपास साडेदहाच्या चहाला सुटतो.

मी स्वतः सांगते तो असा: गुरुवारच्या रात्रीच्या जेवणानंतर शुक्रवारच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत अन्न नाही, पाणी भरपूर. पाण्याशिवायचा निर्जळी उपास मी कुणाला सांगत नाही. मार्चमध्ये सांगली-मिरजेचं ऊन चाळिशीला टेकतं. एस्तेरला पंप चालू करून टाकी भरायची नव्हती.

शनिवार: कशासाठी?

आदल्या शनिवारी एक वही घ्यायची. पोरांची अर्धी कोरी राहिलेली वही चालते. पहिल्या पानावर एकच वाक्य लिहायचं, हा उपास कशासाठी. एस्तेरनं आपल्या लोकांचा जीव वाचावा म्हणून केला. यरुशलेमेचा तट पडलाय हे ऐकून नहेम्या रडला आणि उपास करून प्रार्थना करत राहिला. अंत्युखिया शहरातल्या ख्रिस्ती मंडळीनं बर्णबा आणि शौल यांना सुवार्ता सांगायला पाठवण्याआधी उपास केला. 'सगळ्यांचं भलं होवो' असं यांच्यापैकी कुणीच केलेलं दिसत नाही. 'सगळ्यांसाठी' लिहिलंत तर दुपारी दोन वाजता तुम्ही नेमकं काय मागताय ते तुम्हालाच आठवणार नाही.

वाक्य असं हवं: भाच्याची दारू सुटावी. धाकटीचं लग्न मोडलं त्यातून ती सावरावी. माझा स्वतःचा रागीट स्वभाव. कुणाचं गुपित असेल तर नाव लिहू नका, अक्षर लिहा. वह्या घरात सापडतात.

आणि एक गोष्ट मी दरवेळी दोनदा सांगते. उपास म्हणजे उपोषण नव्हे. कलेक्टर कचेरीसमोर मंडप टाकून बसतात, मागण्या मान्य झाल्या की लिंबूपाणी घेऊन उठतात, ते उपोषण. देवाच्या दारात आपण मंडप टाकायला जात नाही. माझी एक मैत्रीण मुलाच्या नोकरीसाठी ओळीनं सात शुक्रवार उपाशी राहिली. नोकरी काही लागली नाही. मग तिनं उपास तर सोडलाच, देवळातही (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) यायची थांबली. तिची चूक कुणी आधी दाखवली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तेव्हा मीच तिच्या शेजारी बसत होते. मागायला हरकत नाही, पण वहीतल्या वाक्याखाली आणखी एक ओळ लिहून ठेवा: 'हे नाही झालं तरी.' पुढं काय ते शुक्रवारी सुचेल.

रविवार ते मंगळवार: भांडण

हा भाग सगळ्यांना नकोसा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा अठ्ठावन्नावा अध्याय एकदा बसून पूर्ण वाचा. लोक देवाला विचारतात, आम्ही उपास केला तर तू बघत का नाहीस? आणि देव त्यांना सरळ सांगतो, तुम्ही उपासाच्या दिवशी भांडता, गुद्दे मारता, मजुरांना राबवून घेता. मग कसला उपास मला आवडतो ते सांगतो: जुलमाच्या बेड्या सोड, भुकेल्याला तुझ्या भाकरीतला वाटा दे, बेघराला घरात घे. हे वाचल्यावर घरातल्या मोलकरणीचा पगार पाच तारखेच्या पुढं ढकलून उपास धरता येत नाही. आधी तो पगार द्या.

माझं भांडण ननंदेशी होतं. सासरे गेल्यावर भांडी वाटली, त्यात एक तांब्याचं घंगाळ होतं, आंघोळीचं, भलं मोठं, कड्यांचं. तिचं म्हणणं, आप्पांनी ते तिला देऊ केलेलं. आमचं म्हणणं, तसं कुणी ऐकलेलं नाही. चार वर्षं बोलणं बंद. एका लेंटमध्ये मी हा अध्याय स्त्रियांच्या सभेत वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता मलाच कानकोंडं झालं. मंगळवारी दुपारी फोन लावला. पहिल्यांदा तिनं कट केला. दुसऱ्यांदा उचलला. "आता कशाला आठवण झाली?" मी म्हणाले, "घंगाळ कधी न्यायला येतेस?" बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "मला नको आता. जागा कुठं आहे?" आणि मग रडायला लागली, मीही. पुढच्या महिन्यात भाचा येऊन ते घेऊन गेला. तिच्या बंगल्याच्या पायरीशी आता त्यात शोभेची झाडं लावलीत. बघितलं की पोटात थोडं दुखतं, खोटं कशाला बोलू. पण त्या वर्षी शुक्रवारी 'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर' म्हणताना पुढची ओळ, आम्हीही दुसऱ्यांना क्षमा केली आहे ही, मी गिळली नाही.

समोरचा फोन उचलेलच असं नाही. तुम्ही लावलात हे वहीत लिहा आणि पुढं जा. ज्यानं मारहाण केली, फसवलं, त्याच्या दारात जाऊन उभं राहा असं मी सांगत नाही. मी घंगाळांबद्दल बोलतेय.

चहा

उपासाच्या दिवशीची डोकेदुखी दहातल्या आठ जणींना भुकेची वाटते. ती बऱ्याचदा चहाची असते. चहा-कॉफी एकदम बंद केली की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी जास्त होतं, कुणाकुणाचं आठवडाभर राहतं. मी दिवसाला पाच कप पिणारी. म्हणून रविवारपासून एकेक कप तोडते: रविवारी चार, सोमवारी तीन, मंगळवारी दोन, बुधवारी एक, गुरुवारी अर्धा, तोही सकाळी. तोडलेल्या कपाच्या जागी गरम पाणी किंवा गवती चहाची पात उकळून. पहिल्या दोन दिवशी घरच्यांवर चिडचिड होते, ती शुक्रवारऐवजी सोमवारी होऊन जाते हा फायदा. तंबाखू-मिश्री लावणाऱ्या बायकांना तर हे दुप्पट लागू. त्यांच्याबद्दल मी एवढंच म्हणते की सोडायला लेंटसारखा मुहूर्त नाही.

गोळ्या चालू असतील तर

इथं माझं ऐकाच. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, टीबीची किंवा किडनीची औषधं चालू असलेल्या, हाडं दिसेपर्यंत वाळलेल्या, आणि पूर्वी जेवण टाकण्याचा आजार होऊन गेलेल्या बायकांनी अन्नाचा उपास धरू नये. लहान मुलांनीही नाही. साखरेचा आजार असलेल्यांनी सोमवारीच डॉक्टरांना जाऊन विचारायचं, गुरुवारी रात्री नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर धाडकन खाली येते. डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्यांचा धोका वेगळा, उपाशीपोटी रक्तात आम्ल साठू शकतं. लघवी जास्त होणारी बीपीची गोळी असेल तर पाणी कमी पडून चक्कर येते. कोणती गोळी थांबवायची, कोणती अर्धी करायची, हे डॉक्टरच ठरवणार. वॉर्डात मी एक आजी बघितल्यात, 'देवाच्या दिवशी औषध कशाला' म्हणून बीपीची गोळी चुकवलेल्या. देवाच्या दिवशीच लकवा भरला.

डॉक्टर नको म्हणाले तर? मग दानीएलासारखं करा. गोड, मटण-मासळी, तळलेलं, टीव्ही, मोबाईल, यांतलं जे सगळ्यात जास्त जड जाईल ते सोडा. एका वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी मालिका सोडली. हसू नका. साडेसात ते नऊ मला काय करावं कळेना.

बुधवार: वेळा लिहा

उपासात वेळ मिळतो असं म्हणतात. कुणाला? पुरुषांना मिळत असेल. बाईला उपास असला तरी पोरांचा डबा आहे, सासऱ्यांची भाकरी आहे. म्हणून बुधवारी घरात सगळ्यांसमोर सांगायचं, शुक्रवारी दुपारचा स्वयंपाक मी करणार नाही. सकाळी आठच्या आत भाकरी-भाजी करून झाकून ठेवीन, वाढून घ्या. आमच्या ह्यांना पहिल्या वर्षी हे ऐकून गंमत वाटली. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले, भाताची खीर झाली, पण लावला.

मग वहीच्या दुसऱ्या पानावर वेळा. माझ्या अशा आहेत. पहाटे साडेपाच, अर्धा तास: स्तोत्र एक्कावन्न, मोठ्यानं, आणि मग पापांगीकार. माझ्या चुका, घरादाराच्या नाहीत. नऊ वाजता दहा मिनिटं: वहीतलं वाक्य. बारा वाजता, एरवी जेवायला बसतो तेवढाच वेळ: यशया अठ्ठावन्न आणि दुसऱ्यांसाठी प्रार्थना. तीन वाजता: लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय, वधस्तंभाचा भाग, आणि मग गप्प बसायचं. प्रेषितांच्या काळीही तिसऱ्या प्रहरी, म्हणजे साधारण तीनलाच, पेत्र आणि योहान प्रार्थनेला मंदिरात जात होते. सहा वाजता: स्तोत्र एकशे तीस आणि एक-दोन गीतं. नोकरी करत होते तेव्हा नऊ आणि तीनच्या वेळा वॉर्डात जायच्या. लिनन रूममध्ये, धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्याला टेकून, पाच मिनिटं. तेवढंही चालतं. पण लिहिलेलं हवं, नाहीतर कुणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारतं आणि वेळ गेली.

मन भरकटणारच. डोळे मिटले की मला तर समोर शेंगदाण्याची चटणी दिसते. त्यावर दोन उपाय करते. एक, मोठ्यानं प्रार्थना करायची, उभं राहून, गच्चीत चालत. दुसरा, लिहून प्रार्थना करायची. हात चालू असला की मन फार लांब जात नाही. मोबाईल बंद करून आत्यांच्या जुन्या ट्रंकेत ठेवते. ट्रंकेचं कुलूप उघडायला इतका खटाटोप लागतो की तेवढ्यात विचार बदलतो.

गुरुवार

जेवण साडेसातला, साधं: ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडका किंवा भोपळा, वाटीभर ताक. कांदा-लसणाची चटणी आणि लोणचं नको, रात्रभर तहान लागते. दिवसभर पाणी पीत राहा, झोपताना तांब्याभर एकदम नको.

जेवणं झाली की डब्याचं काम. आत्यांनी लावून दिलेली सवय. उद्या मी जेवढं खाल्लं असतं तेवढं आजच मोजून काढायचं. माझ्या दिवसाच्या चार भाकरी, म्हणजे चार मुठी ज्वारीचं पीठ, वाटीभर तूरडाळ, दोन कांदे, चमचाभर तिखट, मीठ पुडीत. सगळं एका पत्र्याच्या डब्यात. आत्या मुठी मोजताना हात आखडता घेत नसत, पीठ बोटांवरून सांडायचं. "तू खाताना मोजून घेतेस का?" म्हणायच्या. आता मी एकटीच मोजते, तरी अजून कुणी बघतंय असं वाटून पाचवी मूठ टाकते.

शुक्रवार

त्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही, सगळं आधीच झालेलं असतं. आंघोळ करा, डोक्याला तेल लावा, वेणी घाला, इस्त्रीची साडी नेसा. प्रभूनं डोंगरावरच्या प्रवचनात हेच सांगितलंय: तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना कळू देऊ नको. आपण नेमकं उलटं करतो, पदर ओढून, आवाज बारीक करून फिरतो. कुणी "जेवलात का?" विचारलं तर खोटं बोलायची गरज नाही, "आज उशिरा" म्हटलं की पुरतं. (आता हे सगळं लिहून मी माझा उपास चव्हाट्यावर मांडलाच आहे. चार जणींना उपयोग झाला तर झाला.)

भूक लाटेसारखी येते. अकराच्या सुमाराला येते, एकपर्यंत राहते आणि मग जाते, तीनला तर कधीकधी हलकं वाटतं. हे ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. दर तासाला पेलाभर पाणी. दुपारी उन्हात जाऊ नका.

एका वर्षी बरोबर शुक्रवारी दुपारी साडेबाराला तासगावहून दीर द्राक्षांची पेटी घेऊन आले. हंगामच असतो तो, लेंट आणि द्राक्षं आमच्या जिल्ह्यात एकदमच येतात. पेटी उघडी स्वयंपाकघरात. लांबट मणी, वरचा धुरकट पांढरा थर तसाच, देठ हिरवेगार. एक मणी निसटून फरशीवर पडलेला, तो उचलून टाकायला म्हणून हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून उभी राहिले. गार होता. तो मणी मी खाल्ला नाही हे काही मोठेपण नाही. पण तो हातात असताना वॉर्डातली अन्ननलिकेच्या कॅन्सरची एक बाई आठवली, जिला पाण्याचा घोटही उतरत नव्हता आणि जी रोज मला विचारायची, "आज काय डबा आणलाय?" मी तिला रोज सांगायचे, खोटं नाही, सगळं, फोडणीसकट. त्या दुपारी वहीतलं माझं वाक्य बाजूला राहिलं आणि तिच्यासाठी, तिच्या मुलांसाठी प्रार्थना झाली. ती कधीच गेली होती. मुलं कुठं असतील कोण जाणे.

घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली, बोलणं अडखळलं तर उपास तिथंच सोडायचा. मशीन असेल तर साखर बघा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि मग काहीतरी खायचं. मशीन नसेल तर तपासत बसू नका, साखर घ्या. यात पाप नाही. राहिलेल्या वेळा जेवून पाळा.

सोडताना

सहाची प्रार्थना झाली की लगेच ताटावर बसायचं नाही. आधी वाटीभर आंबील, ज्वारीच्या पिठाची, ताकातली, जिरं-मीठ घालून, कोमट. घोट घोट. मग अर्धा तास काहीतरी काम करा. मी वहीत लिहिते: कुठं मन लागलं, कुठं नाही, कुणाचं नाव अचानक आलं. मग मऊ मुगाची खिचडी, नेहमीच्या निम्मी. भडंग, भजी, मटण, काही नाही. दिवसभर रिकाम्या पोटावर तेल-तिखट गेलं की रात्र बसून काढावी लागते. एकदा आमच्याकडं उपास सोडायला कुणीतरी मोठ्या हौसेनं मिसळ आणली होती. पुढचं सांगत नाही.

शनिवारी सकाळी डबा द्यायचा. मिरजेत कुणाला द्यायचा हा प्रश्नच नसतो. दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून गाड्या भरून पेशंट येतात, आणि बरोबरचे नातेवाईक बाहेर भिंतीच्या कडेला तीन दगडांची चूल मांडून आठ-आठ दिवस राहतात. गेल्या वर्षी अथणीकडची एक बाई होती, नवरा आत ॲडमिट. तिचं मराठी मोडकं, माझं कन्नड त्याहून मोडकं. पीठ बघितल्यावर तिनं चिमूट घेऊन बोटांत चोळलं, वास घेतला आणि मान हलवली, म्हणजे शाळूचं चांगलं होतं. मी निघाले तर हात धरून खाली बसवलं. तिथंच परातीत पीठ मळलं, दोन हातांत थापून माझ्या भाकरीच्या निम्म्या जाडीची भाकरी केली, तव्यावर पाणी फिरवलं, चुलीच्या कडेला उभी करून फुगवली. पहिली भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर तिच्याकडची शेंगांची चटणी.

मी नको नको म्हणत होते. ती ऐकेना. शेवटी तिथंच कट्ट्यावर बसून खाल्ली.